तबकड्यांची पूजा

रंगा, परवा तुझ्या तबकड्यांना हळदकुंकू लावलं.

हे वाक्य लिहून झाल्यावर मी पुन्हा वाचलं. वाटलं, दुःखाच्या भरात हातून काहीतरी भलतंच उतरलं असावं. पण नाही, तसंच घडलं. मिरजगावच्या नव्या सांस्कृतिक भवनात, चौरंगावर लाल कापड अंथरून तुझ्या ग्रामोफोनच्या काही तबकड्या मांडल्या होत्या. बाजूला नारळ, सुपाऱ्या, विड्याची पानं. आणि ओल्या हळदीचं एक बोट, ओल्या कुंकवाचं एक बोट, असं प्रत्येक तबकडीला टेकवलं. लेबलावर टेकवलं असतं तरी मी गप्प राहिलो असतो. तिथे काही वाजत नाही. थेट रेघांवर टेकवलं. मग अक्षता, मग फुलं, मग पळीने पाणी.

तुला जाऊन महिना उलटला. अशा दिवसांत माणूस हळवा होतो म्हणतात. मी झालेलो नाही. मला शिसारी आली आहे आणि ती उतरत नाही. असलं काही पाहिलं की मी नगरहून एस्टीने उठून तुझ्याकडे यायचो, तुझ्या ओसरीवर बसून ओकून टाकायचो, आणि तू हसत हसत पिन बदलायचास. आता ओसरी आहे, पण समोर हसणारं कोणी नाही. म्हणून इथे लिहितो.

भवनाच्या उद्घाटनाला मी तुझ्यावर भाषण करावं असं ठरलं होतं. मंडळींनी मुद्दे तयार करून दिले होते. जन्म, शिक्षण, नोकरी, छंद. त्यातलं शेवटचं वाक्य मला पाठ झालं आहे. ‘जनावरांच्या सेवेत व्यग्र असूनही डॉक्टरांनी संगीताचा छंद जोपासला.’ जोपासला! जणू तू दाराशी गुलाबाची कुंडी ठेवली होतीस. तुझ्या घरात पाहुण्याला पाठ टेकायला जागा नसायची, कारण भिंतीला लागून तबकड्यांची खोकी असायची. कुणाचं आजोळ मोडलं, कुणाचा जुना माळा रिकामा होतोय असं कळलं, की तू आजारी म्हशीसारखाच तिकडे धावायचास. याला छंद म्हणणारा माणूस दम्याला श्वासाचा छंद म्हणेल.

मी ते भाषण केलं नाही. का, ते पुढे येईल.

आधी लोणच्याची बाई. तिच्याशिवाय पुढचं काही सांगता येणार नाही.

मिरजगावाबाहेरच्या एका वस्तीवर गाय अडली होती. मी शनिवारचा तुझ्याकडे आलो होतो. तू मला फटफटीवर मागे घातलंस आणि नेलंस. तुझा हात कोपराच्या वर गायीच्या आत होता, घामाने डोळे चुरचुरत होते, आणि त्या घरच्या बाईने आमच्या जेवणाची तयारी म्हणून लोणच्याची बरणी ओट्यावर आणून ठेवली. बरणीवर काळं, गोल, चपटं झाकण. मला ते झाकणच वाटलं. तुला नाही वाटलं. हात होता तिथेच ठेवून तू विचारलंस, “काकी, त्ये बरनीवर काय हाय?”

“झाकन हाय.”

“आदी काय हुतं?”

“सासऱ्याच्या फोनोचं हाय ते. फोनो कवाच मोडला. ह्ये चांगलं बसतंय, मुंग्या जात न्हाईत.”

तू माझ्याकडे वळून ओरडलास, “प्रोफेसरा, उचल! कडेने धर. अरे कडेने! बोटं लावू नकोस मध्ये!” गायीने दचकून तुला लाथ मारली. तू लाथ खाल्लीस, पण माझ्या बोटांवरची नजर काढली नाहीस. वासरू सुखरूप झालं. पुढच्या आठवड्यात तू त्या काकीला नगरहून पितळी झाकण नेऊन दिलंस, आणि ते नीट बसतं की नाही हे स्वतः बसवून पाहिलंस.

घरी आल्यावर तुला ती तबकडी स्पिरिटने पुसायची घाई झाली होती. तुझा सगळा जन्म स्पिरिटने पुसण्यात गेलेला. मी बोळा हातातून हिसकावून घेतला. या जुन्या तबकड्या लाखेच्या; स्पिरिटने लाख विरघळते, बाईचा गळा बोळ्यावर आला असता. मग कोमट पाणी आणि जुन्या धोतराचा तुकडा घेऊन आपण दोघं आळीपाळीने बसलो. तेल निघालं. लेबलावरचं नाव मात्र तेलाने केव्हाच खाल्लं होतं. उरला होता एक तपकिरी डाग आणि मोहरीचा वास.

लावली तेव्हा आधी कढईत काही तळल्यासारखा आवाज आला, आणि मग त्याच्या मागून ती बाई. तोडी. खालच्या पट्टीतला, किंचित घोगरा गळा. तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत बहुतेक गवई शर्यतीत धावल्यासारखे गातात. ही बाई मात्र कोमल गंधारावर येऊन अशी थांबली, जणू पुढे कुठे जायचंच नव्हतं. तबकडी संपली तरी आपण दोघं उठलो नाही. यंत्राची घरघर ऐकत बसलो.

ती कोण, यावर आपण पुढे कित्येक वर्षं भांडलो. मी कधी तिला एका दरबाराशी जोडायचो, कधी एका घराण्याशी. कधी पुराव्यांचा आव आणून तासभर बोलायचो. तू म्हणायचास, “इतिहास शिकवणाऱ्याला नाव नसलेलं काही सहन होत नाही. माझ्याकडे रोज नाव नसलेली गिऱ्हाइकं येतात. गायीला कुठे आडनाव असतं?” शेवटी तिचं नाव लोणच्याची बाई पडलं. माझी समजूत होती की हे नाव जगात फक्त आपल्या दोघांना ठाऊक आहे.

दुसरं भांडण वेगाचं. यंत्राचा स्क्रू फिरवून तू चक्राची गती कमी करायचास. तुझं म्हणणं, कंपनीवाल्यांनी एका तबकडीत जास्त गाणं मावावं म्हणून बाईकडून हळू फिरणाऱ्या यंत्रावर गाऊन घेतलं, म्हणून आपल्याकडे ती चढी वाजते. तिचा खरा स्वर खाली आहे. माझं म्हणणं, तू तिला म्हातारी करतो आहेस. “तुला सगळ्या बायका पंचविशीच्या पाहिजेत,” तू म्हणायचास. मी स्क्रू परत फिरवायचो. तू पाणी प्यायला उठलो असं दाखवून पुन्हा फिरवायचास. ही लढाई निकालाशिवाय राहिली.

तबकडी लागली की बोलायचं नाही, वाहवा म्हणायची नाही, पाय हलवायचा नाही. हे नियम तुझे. ते कमलवहिनींना लागू करायला तू कधी कचरला नाहीस, आणि त्यांनी ते कधी मानले नाहीत. आतून परातीवर भाकरी थापताना बांगडी वाजली की तू डोळे वटारून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायचास. भिंतीतून ते वटारणं त्यांना बरोबर कळायचं. एकदा त्या पीठ लागलेल्या हातांनीच बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, “भाऊजी, बघा ह्यांचा न्याय. एक बाई फोनोत बसून रडती, दोन बाप्ये तिला ऐकत्यात. अन् मी भाकर थापली तर गोंगाट व्हतो.” मी हसलो. तू हसला नाहीस, कारण तबकडी अजून संपली नव्हती.

मग हा दुष्काळ आला. दुसऱ्या उन्हाळ्यात तू घरी जवळजवळ नव्हतासच. गुरांच्या छावणीत असायचास. तुझा चेहरा करपून गेला होता आणि तुझ्या बोलण्यात एक नवाच आग्रह आला होता, जो मला आवडला नाही. तू म्हणालास, “दुपारी गुरं बसतात, माणसं बसतात. कुणापाशी करायला काही नसतं. मी ग्रामोफोनची पेटी नेतो आणि लावतो. ऐकतात रे.”

“तोडी? दुपारी?”

“तिथे सकाळ कुठली आणि दुपार कुठली.”

मी म्हणालो, “ते ऐकत नाहीत, रंगा. तू त्यांच्या बैलाला टोचतोस म्हणून ते तुझ्यासमोर बसतात. उद्या तू पाढे म्हणायला लागलास तरी असेच बसतील.”

तू चिडलास. “म्हणजे मी कोण? दादासाहेब?”

दादासाहेब हा आपल्या दोघांचा जुना खुराक. बाजारपेठेतले मोठे अडत्ये, प्रत्येक मंडळाचे अध्यक्ष. ज्यांच्या हातून झेंडूचा हार सुटला तर खाली पडायच्या आत दुसरा तयार असतो, ते. त्यांच्या भाषणांच्या नकला करून तू मला रडेपर्यंत हसवलं आहेस. शाल आणि नारळ देऊन ते ज्याचा सत्कार करतात त्याच्याकडून महिन्याभरात काहीतरी घेतात, हा शोधही तुझाच.

आणि त्याच दादासाहेबांकडून तू शाल घेतलीस. छावणीतल्या कामाबद्दल सत्कार. त्या सत्कारात, माइकवर, तुझा सगळा संग्रह होणाऱ्या सांस्कृतिक भवनाला देईन असा शब्द दिलास. मला हे नगरमध्ये एका अनोळखी माणसाने सांगितलं, आणि मी त्याला खोटं पाडलं.

खरं कळल्यावर मी आलो. मिरजगावच्या स्टँडवर, एस्टीची वाट बघत, आपण जे भांडलो ते शेवटचं. तू म्हणालास, “खोली देतायत. दर बाजाराच्या दिवशी दुपारी यंत्र लावायचं. बाजाराला आलेला माणूस, बाई, कुणीही यावं, बसावं, ऐकावं. माझ्या घरात ऐकतं कोण? तू आणि मी. आपण मेल्यावर?”

“आपण मेल्यावर ते तुला चौकटीत बसवतील आणि तबकड्यांची आरास करतील.”

“तुला माणसं कळत नाहीत.”

“मला दादासाहेब कळतात.”

गाडी आली. मी खिडकीशी बसलो. तू खालून हाक मारलीस, “एकदा छावणीत ये. तिथे बस दुपारभर. मग बोलू.” मी मान हलवली, ती हो होती की नाही हे मला तेव्हाही ठाऊक नव्हतं. गाडी निघाली. त्यानंतर तुझी बातमीच आली. दुपारी कडब्याच्या गंजीला टेकून बसलास आणि उठला नाहीस. छावणीतल्या लोकांना बराच वेळ तू ऐकतो आहेस असं वाटलं.

आता भवन.

दारात झेंडूच्या माळा. दुष्काळात झेंडू कुठून आले विचारलं तर पुण्याहून आणले म्हणे. रस्त्याच्या पलीकडे टँकरची वाट बघत बायका हंडे घेऊन रांगेत बसल्या होत्या, आणि अलीकडे दादासाहेबांची नातवंडं चांदीच्या गुलाबदाणीतून पाहुण्यांच्या अंगावर पाणी शिंपडत होती. एका हंडेवालीने ते पाहून शेजारणीला काहीतरी सांगितलं आणि दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. त्या समारंभातलं सर्वांत शहाणं भाषण मला वाटतं तेच झालं असावं. ते काय होतं ते मला ऐकू आलं नाही.

आत समोरच्या भिंतीवर तुझा मोठा फोटो, रंगवलेला. गालाला तू आयुष्यात कधी नव्हतास इतका गुलाबी. आणि फोटोभोवती सूर्याच्या किरणांसारख्या तुझ्या तबकड्या. मधल्या भोकातून स्क्रू घालून, मागे लाकडी फळीला आवळून बसवलेल्या. काहींना स्क्रू पुरला नाही म्हणून खिळे मारले होते. एक तबकडी खिळा ठोकताना तडकली असावी. तिचा तडा सोनेरी रंगाने भरला होता, तीच सगळ्यांत जास्त चमकत होती. सुताराने मेहनत घेतली होती, हे खोटं बोलणार नाही.

मी बरोबर ठरलो होतो. आयुष्यात इतका तंतोतंत बरोबर मी कधी ठरलो नव्हतो. आणि तोंड कडू झालं. वाद जिंकल्यावर जिंकलेल्याच्या तोंडाला अशी चव येत असेल, तर ती मला कुणी आधी सांगायला हवी होती. मी तुझ्या गुलाबी गालांकडे बघून मनात म्हटलं, बघ, सांगितलं होतं. तू काही बोलला नाहीस, आणि तेच मला सहन झालं नाही.

चौरंगाशेजारी ग्रामोफोन होता. कुठला, ओळख. पितळी कर्ण्याचा! ज्याची स्प्रिंग तुझ्याकडे आला तेव्हापासून तुटलेली होती आणि ज्याच्या पेटीत वहिनी चिमटे ठेवायच्या, तो. न्यायला आलेल्या मंडळींनी कर्णा पाहिला आणि तोच उचलला. तुझी खरी पेटी, झाकणाचं बिजागर मोडलेली, ओबडधोबड, ती त्यांना शोभेची वाटली नाही, घरीच राहिली. कर्ण्याला हार घातला होता. गवयाच्या तोंडात फुलं कोंबल्यासारखा तो दिसत होता. हे यंत्र वाजत नाही हे त्या सभागृहात मला आणि वहिनींना, दोघांनाच माहीत होतं. मी गप्प राहिलो. त्यातल्या नीच आनंदाची मला अजिबात लाज वाटत नाही.

वहिनींना बायकांच्या रांगेत पुढे बसवलं होतं. त्यांचाही सत्कार होता. मोकळं कपाळ, मोकळे हात. दादासाहेबांच्या पत्नी कुंकवाचा करंडा घेऊन निघाल्या. पहिली बाई, कुंकू. दुसरी, कुंकू. वहिनींपाशी आल्यावर हात थबकलासुद्धा नाही. मध्ये एखादी रिकामी खुर्ची असावी तसा पुढच्या बाईच्या कपाळाकडे गेला. रांग संपली. मग त्याच बोटाने त्या चौरंगाकडे वळल्या आणि तुझ्या तबकड्यांना एकेक कुंकू लावत गेल्या. लोणच्याच्या बाईलाही. तिला जरा जास्तच लागलं, बोट घसरून रेघांवरून ओघळ गेला. सगळ्यांनी हात जोडले. वहिनी तेवढ्या हात जोडायचं विसरल्या. त्या टक लावून त्या ओघळाकडे बघत होत्या.

रंगा, पूजा का करतात हे मला त्या क्षणी कळलं. पूजा केली की ऐकावं लागत नाही.

दादासाहेबांचं भाषण सुरू झालं. नादब्रह्म, संस्कृती, तालुक्याचा मानबिंदू. तू केलेली नक्कल मूळ भाषणापेक्षा सौम्य होती, एवढंच सांगतो. तेवढ्यात मागून एक म्हातारा उठला. मुंडासं, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. हात वर करून म्हणाला, “दादासायेब, येक इनंती हाय.”

“बोला, बोला पाराजीबाबा.”

“ती लोनच्याची बाई लावा की.”

सभागृह खदखदून हसलं. कुणीतरी ओरडलं, “बाबा, जेवान मागनं हाय!” दादासाहेबही हसले, लोणचं पंगतीत वाढलं जाईल असं आश्वासन दिलं. म्हातारा हसला नाही. “खायाचं न्हाई. छावनीत डाक्टर लावायचे त्ये. खालून बोलती ती बाई. माझा बैल गेला त्या दिशी लावली हुती.”

मी हसलो नाही, हे तुला सांगायला नको. मला आधी राग आला. ते नाव तुझंमाझं होतं. तू ते छावणीत वाटून टाकलं होतंस, चाऱ्यासारखं. आणि मग कळलं की स्टँडवर तुला मला काय दाखवायचं होतं. म्हणजे तूही बरोबर होतास. लोक ऐकतात. भवन ऐकत नाही. दोघं बरोबर ठरलो आणि दोघांची हार झाली, असलं भांडण आपण पहिल्यांदाच केलं.

“लावू की,” दादासाहेब म्हणाले. “सत्कारानंतर. ए, हँडल आण रे यंत्राचं.”

“कुलपात हाय जी. पोरं फिरवत्यात म्हणून.”

“मग किल्ली?”

“शिपायाकडं. तो बर्फ आनाय गेलाय.”

“बरं, वेळेअभावी आपण तो कार्यक्रम पुढे घेऊ.” टाळ्या. पाराजीबाबा उभेच होते. “बसा की खाली,” कुणीतरी त्यांची घोंगडी ओढली.

मग सत्काराला वहिनींचं नाव पुकारलं. दादासाहेब साडी आणि नारळ घेऊन पुढे झाले, फोटोवाला गुडघ्यावर बसला. वहिनी उठल्या. दादासाहेबांपाशी गेल्याच नाहीत. सरळ चौरंगाशी गेल्या, लोणच्याची बाई उचलली. कडेने धरून उचलली, रंगा. अक्षता झटकल्या आणि वळल्या.

“वहिनी, अहो, इकडे,” दादासाहेब म्हणाले. “ती तबकडी आता संस्थेची आहे.”

“व्हय की,” वहिनी म्हणाल्या. “वली झालीया. जरा पुसून आनते.”

आणि निघाल्या. पुसून आणते म्हणणाऱ्या बाईला अडवायचं कसं, याचा नियम कुठल्याच संस्थेच्या घटनेत नसतो. दादासाहेब साडी हातात धरून उभे राहिले. फोटोवाल्याने तोही फोटो काढला. माझं नाव पुकारलं तेव्हा मी दाराशी होतो.

रस्त्यावर हंडेवाल्या बायकांनी वहिनींना वाट दिली. मागून काठी टेकत पाराजीबाबा आले. “ताई, मी बी यिऊ का?”

“या की बाबा,” वहिनी मागे न बघता म्हणाल्या. “जेवलाव का?”

“जेवान ऱ्हाऊ द्या.”

घरी ओसरीवर मी पेटी काढली. बिजागर मोडलेलं झाकण भिंतीला टेकवलं. चावी भरली. पिन नवी घातली. तुझ्या डबीत अजून होत्या. वेगाचा स्क्रू तू ठेवला होतास तिथेच होता. मी हात लावला नाही. हरलो असं समजू नकोस. पाहुण्यांसमोर भांडण नको म्हणून.

वहिनींनी पदराने तबकडी पुसली होती, पण ओल्या कुंकवाचा ओघळ रेघांत शिरून सुकला होता. लावली. तळणीचा आवाज, मग बाई. तुझ्या गतीवर. खालून, म्हातारी, घाई नसलेली. आणि ओघळ होता तिथे पिन आली की दर फेऱ्याला एक बारीक ‘खट्’. कोमल गंधारावर ती थांबली; खट्. पाराजीबाबा उंबऱ्यावर काठी आडवी ठेवून, खाली बघत बसले होते. वहिनी खांबाला टेकून बसल्या होत्या. इतक्या वर्षांत या घरात तबकडी चालू असताना त्या पहिल्यांदाच बाहेर बसल्या असाव्यात. कुणी बोललं नाही, कुणी पाय हलवला नाही. तुझे नियम तुझ्यामागे पाळले गेले, खट्, फक्त तेवढं सोडून.

संपल्यावर आम्ही घरघर ऐकली. मग पाराजीबाबा म्हणाले, “हीच,” आणि उठून गेले.

मी तबकडी उतरवली, उजेडात धरली. रेघांमध्ये लाल कण स्पष्ट दिसत होते. मी म्हणालो, “वहिनी, कोमट पाणी आणि जुनं धोतर द्या. हलक्या हाताने धुतलं की निघेल हे. ही ‘खट्’ जाईल.”

त्यांनी तबकडी माझ्या हातातून घेतली. बराच वेळ त्या लाल ओघळाकडे बघितलं. मग स्वतःच्या मोकळ्या मनगटावरून एकदा हात फिरवला.

“ऱ्हाऊ द्या भाऊजी,” त्या म्हणाल्या. “माझी बांगडी वाजली की डोळे वटारायचे. आता ऐका म्हनावं.”